आधी आकाश बंद करा!

दुशान्बे येथे ९ ऑक्टोबर २०२५ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांच्यासमोर एक कबुली दिली. नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबर २०२४ रोजी, बाकूहून ग्रोझनीला निघालेले अझरबैजानचे प्रवासी विमान कास्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानातील अक्ताऊजवळ कोसळले होते. विमानात ६७ माणसे होती; त्यांपैकी ३८ मृत्युमुखी पडली. युक्रेनच्या ड्रोनवर रशियाने सोडलेली दोन क्षेपणास्त्रे त्या विमानापासून अवघ्या काही मीटरांवर फुटली होती, एवढे वाक्य रशियाच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याच्या तोंडून बाहेर पडावयास साडेनऊ महिने लागले. कबुली उशिरा का होईना आली, हे बरे झाले. पण कबुलीने मेलेला माणूस उठत नाही. आणि जिची कबुली दिली गेली ती चूकही जगात प्रथमच घडलेली नव्हती.

१७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियाचे बोइंग विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने फोडले गेले. २९८ माणसे गेली आणि त्यांत ८० मुले होती. ८ जानेवारी २०२० रोजी पहाटे तेहरानहून कीव्हकडे झेपावलेले युक्रेनचे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच इराणच्या क्षेपणास्त्रांना बळी पडले. १७६ माणसे गेली. तिन्ही ठिकाणचे मिळून ५१२ जीव. यांतील कोणी सुटीला निघाले होते, कोणी शिक्षणाला, कोणी आपल्या घरी. ज्या युद्धाने त्यांचा घास घेतला त्या युद्धाशी त्या प्रवासाचा काडीचाही संबंध नव्हता. आणि तिन्ही ठिकाणी शस्त्र एकाच जातीचे होते. पूर्व युक्रेनात ते 'बूक' होते, तेहरानला 'तोर' होते, आणि ग्रोझनीच्या तपासाच्या बातम्यांत 'पांतसिर' हे नाव आले. नावे निराळी असली तरी जात एकच: गाडीवर चढवलेली, इकडून तिकडे पळवता येणारी, जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे.

या शस्त्राविषयी आज आम्ही लिहीत आहोत ते शस्त्राचा धिक्कार करण्यासाठी नव्हे. संरक्षणाचे शस्त्र बाळगणे हा प्रत्येक राष्ट्राचा हक्क आहे, आणि आपल्या गावांवर बॉम्ब टाकावयास येणारे विमान पाडणे हे तर त्याचे कर्तव्यच आहे. आमचा सवाल निराळा आहे. ज्या आकाशात ही फिरती क्षेपणास्त्रे सज्ज करून ठेवली आहेत त्याच आकाशातून तिकिटे विकून प्रवाशांना नेण्याची परवानगी कोण देतो, आणि कोणत्या अधिकाराने देतो?

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर हे शस्त्र चाकांवर का चढले, हे आधी समजून घेतले पाहिजे. सोव्हिएत रशियाने १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-टू हे टेहळणी विमान स्वेर्दलोव्स्कवर पाडले, तेव्हा उंच उडणारे विमान सुरक्षित असते हा समज कायमचा मोडला. पण त्या काळातली क्षेपणास्त्रे ठरलेल्या जागी मांडलेली असत. त्यांचा तळ हलवणे हे तासांचे काम होते आणि त्यांची मांडणी आकाशातून काढलेल्या छायाचित्रात सहज ओळखू येई. जे दिसते ते मारता येते. म्हणून शस्त्राला पाय फुटले. १९७३ च्या ऑक्टोबरात इजिप्त आणि सिरिया यांनी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी 'कूब' क्षेपणास्त्रे रणांगणात आणली. तोवर अजिंक्य समजल्या गेलेल्या इस्राएली हवाई दलाला त्या तीन आठवड्यांच्या युद्धात सुमारे १०० विमाने गमवावी लागली, आणि त्यांतील पुष्कळशी जमिनीवरच्या माऱ्याने पडली.

पाय असून जो चालत नाही त्याची गत काय होते, हेही लवकरच दिसले. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सिरियाने तीच फिरती क्षेपणास्त्रे नेऊन ठेवली आणि महिनोन्‌महिने जागची हलवली नाहीत. ९ जून १९८२ रोजी इस्राएलने एका दुपारी १९ पैकी १७ बॅटऱ्या निकालात काढल्या. उलट १९९९ साली सर्बियाच्या एका तुकडीने मुळातच अवजड आणि जुनाट असलेली क्षेपणास्त्रे सतत जागा बदलत वापरली, रडार क्षणभर चालू करून लगेच बंद केले, आणि २७ मार्चच्या रात्री रडारला न दिसणारे म्हणून गाजलेले अमेरिकेचे एफ-११७ विमान खाली आणले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचा हल्ला येतो आहे हे ओळखून युक्रेनने आपली कित्येक 'बूक' आणि एस-३०० यंत्रणा ऐन वेळी हलवल्या. रशियाचे पहिले तडाखे पुष्कळ ठिकाणी मोकळ्या जागांवर बसले, आणि कागदावर कितीतरी पटींनी प्रबळ असलेल्या रशियन हवाई दलाला युक्रेनच्या आकाशावर हुकमत मिळवता आली नाही. मारावे आणि निसटावे, हा गनिमी काव्याचा धडा महाराष्ट्राला नव्याने शिकवावयास नको. दुबळ्याला बलाढ्यापुढे तगून राहावयाचे असेल तर त्याने चालते राहिले पाहिजे, हे सत्य विमानांच्या युगातही खोटे ठरलेले नाही.

परंतु या चालतेपणाची एक किंमत आहे, आणि ती किंमत शस्त्र बाळगणारा देत नाही, हेच आजच्या लेखाचे कारण आहे. 'कूब'च्या बॅटरीत रडार एका गाडीवर आणि क्षेपणास्त्रे दुसऱ्या गाड्यांवर असत. रडार निकामी झाले की सारी बॅटरी आंधळी होई. शिवाय एका वेळी एकाच लक्ष्याचा पाठलाग करता येई. ही उणीव दूर करण्यासाठी 'बूक'मध्ये क्षेपणास्त्रांच्या प्रत्येक गाडीला स्वतःचे रडार दिले गेले. पूर्ण तुकडीत हुकूम देणारी एक गाडी असते, दूरवरचे आकाश न्याहाळणारी मोठ्या रडारची एक गाडी असते आणि मारा करणाऱ्या गाड्या त्यांच्याशी जोडलेल्या असतात. पण पाळी आलीच तर मारा करणारी गाडी एकटीही लढू शकते. पाच-दहा मिनिटांत ती मुक्कामाला बसते, आपल्या रडारने आपल्यापुढचा आकाशाचा तुकडा पाहते, लक्ष्य धरते आणि चारांपैकी एक क्षेपणास्त्र सोडते.

सैनिकाच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे. प्रवाशाच्या दृष्टीने यात मृत्यूची बीजे आहेत. एकट्या गाडीतल्या माणसाला पडद्यावर एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्याची उंची दिसते, वेग दिसतो, दिशा दिसते. त्याच्या पोटात तीनशे माणसे जेवणाची ताटे पुढ्यात घेऊन बसली आहेत हे दिसत नाही. शत्रू-मित्र ओळखण्याचे जे यंत्र गाडीत असते ते फक्त आपल्या बाजूचे विमान ओळखते. समोरून ठरलेले उत्तर आले तर तो मित्र. उत्तर आले नाही तर तो मित्र नव्हे, एवढेच ते सांगते. मित्र नव्हे म्हणजे शत्रूच, हा निष्कर्ष यंत्र काढीत नाही. तो घाबरलेला माणूस काढतो. परक्या देशाचे प्रवासी विमान त्या यंत्राला कधीही मित्र म्हणून उत्तर देणार नसते. तेव्हा पूर्ण चित्र दिसणाऱ्या मुख्य केंद्राशी त्या गाडीचा धागा तुटला की बाकी राहते ते एका माणसाचे भय आणि त्याचे बोट.

तेहरानला हेच घडले, आणि तेथे तर या शस्त्राचे चालतेपणच प्रत्यक्ष आड आले. इराणने स्वतः प्रसिद्ध केलेल्या तपासात असे सांगितले आहे की, 'तोर' यंत्रणा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवल्यावर तिच्या रडारची उत्तर दिशा पुन्हा नीट जुळवून घेतली गेली नाही. फरक थोडाथोडका नव्हता. तो १०७ अंशांचा होता. त्यामुळे विमानतळावरून उडून दूर चाललेले प्रवासी विमान यंत्रावरच्या माणसाला नैर्ऋत्येकडून चाल करून येणाऱ्या शत्रूसारखे दिसले. त्याने वरच्या केंद्राला कळवण्याचा प्रयत्न केला. संदेश पोचला नाही. इराणी सेनाधिकाऱ्यांच्याच सांगण्याप्रमाणे निर्णयासाठी त्याच्या हाती दहा सेकंद होते. त्याने उत्तराची वाट न पाहता एक क्षेपणास्त्र सोडले, आणि पाठोपाठ दुसरे. तीन दिवस इराणचे सरकार नाकबूल होते. चौथ्या दिवशी त्याला कबूल करावे लागले.

या माणसाला दोष द्यावयाचा नाही काय? अवश्य द्यावयाचा. हुकमावाचून मारा करणारा सैनिक निर्दोष नसतो. पण दोषाची वाटणी करताना आमची नजर त्या गाडीवरून वर चढू लागते. त्याच रात्री इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रांचा वर्षाव केला होता आणि अमेरिकेचा प्रतिहल्ला कोणत्याही क्षणी येईल या अपेक्षेने आपली सारी हवाई संरक्षण यंत्रणा सज्ज केली होती. ते क्षेपणास्त्र सुटल्यापासून हे विमान सहा वाजून बारा मिनिटांनी धावपट्टी सोडीपर्यंत चार तास उलटले होते. या चार तासांत तेहरानचा विमानतळ चालूच होता! प्रवासी उड्डाणे थांबवावीत अशी मागणी आम्ही केली होती, पण ती मानली गेली नाही, असे इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या हवाई प्रमुखाने नंतर जाहीरपणे सांगितले. मग ती मागणी कोणी फेटाळली? २०२३ साली तेहरानच्या लष्करी न्यायालयाने दहा जणांना शिक्षा दिल्या. सर्वांत जड शिक्षा त्या 'तोर'च्या अधिकाऱ्याला झाली. आकाश उघडे ठेवणारे हात मात्र त्या निकालात दिसले नाहीत, आणि मृतांच्या आप्तांची तक्रार नेमकी हीच आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही, कारण सुळी गेलेलाही संन्यासी नव्हता. पण चोर सुटला, हे खरे.

पूर्व युक्रेनातली कथा याहून उद्वेगजनक आहे. तेथली 'बूक'ची गाडी रशियाच्या कुर्स्क येथील ५३ व्या विमानविरोधी ब्रिगेडची होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तपास पथकाने २०१८ साली काढला. ती सीमेपलीकडून आणली गेली, एका शेतातून तिने क्षेपणास्त्र सोडले आणि ती पुन्हा सीमेपलीकडे नेली गेली. हेगच्या न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. लष्करी विमान समजून मारा केला असला तरी त्यामुळे हा खून ठरावयाचा राहत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले, आणि ते योग्यच म्हटले. ज्यांनी हे शस्त्र परक्या भूमीत चोरून नेले त्यांचे पाप सर्वांत मोठे आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु पाप मोठे असलेल्या माणसाकडे बोट दाखवून इतरांना आपली हलगर्जी झाकता येणार नाही. त्या जुलैमध्ये पूर्व युक्रेनवर एकामागून एक लष्करी विमाने पडत होती. १४ जुलै रोजी मोठ्या उंचीवरून जाणारे एक मालवाहू लष्करी विमान पाडले गेले. तेव्हा युक्रेनने काय केले? ३२,००० फुटांखालचे आकाश प्रवासी विमानांना बंद केले. त्याच्या वरचे उघडे ठेवले. मलेशियाचे विमान ३३,००० फुटांवरून जात होते, म्हणजे ते नियमाप्रमाणे हजार फुटांनी सुरक्षित होते! 'बूक'चे क्षेपणास्त्र त्याच्याही कितीतरी वर पोचते, हे काय कोणाला ठाऊक नव्हते?

त्या एका दिवसात, आकाश अखेर बंद होईपर्यंत, १६० प्रवासी विमाने त्या रणभूमीवरून गेली, असे डच सुरक्षा मंडळाच्या अहवालात नमूद आहे. मलेशियाचे विमान पडले त्या क्षणी त्याच क्षेत्रात दिल्लीहून बर्मिंगहॅमला चाललेले आमच्या एअर इंडियाचे विमानही होते. पडद्यावरचा ठिपका धरणाऱ्याने दुसरा ठिपका धरला असता तर त्या दिवशीचे आक्रंदन पंजाबातल्या आणि दिल्लीतल्या घरांतून उठले असते. ज्यांना हा दूरच्या देशांचा विषय वाटतो त्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात धरावी. मुंबईच्या विमानतळावरून रात्रंदिवस जी विमाने आखाताकडे आणि युरोपकडे उडतात, त्यांतून रत्नागिरीचा कारागीर दुबईला जातो, पुण्याची मुलगी जर्मनीला शिकावयास जाते, नातवाला पाहावयास निघालेले ठाण्याचे आजीआजोबा लंडनला जातात. त्यांतला कोणीही आपल्या वाटेखाली कोणती क्षेपणास्त्रे सज्ज आहेत हे विचारीत नाही. विचारावयाचे कोणाला, हेही त्याला माहीत नसते. त्याच्या वतीने विचारणे हे आमचे काम आहे.

सरकारे आकाश उघडे का ठेवतात? कारणे गूढ नाहीत. आकाश बंद करणे म्हणजे त्यावर आपली सत्ता उरली नाही असे जगाला सांगणे, आणि ही नामुष्की कोणत्याही सरकारला नको असते. आकाशातून जाणाऱ्या परक्या विमानांकडून कर मिळतो; तो बुडतो. विमान कंपन्यांना वळसा पडतो, इंधन जळते, वेळापत्रके कोलमडतात. यावर आणखी एक कारण आहे, आणि ते बोलून दाखवले जात नाही: प्रवासी विमाने वर फिरत असली की शत्रूचा हात अडखळतो. ७ मे २०२५ पासूनच्या चकमकींत पाकिस्तानने ड्रोन सोडले त्या वेळी आपले नागरी आकाश उघडेच ठेवले आणि प्रवासी विमानांची ढाल केली, असा जाहीर आरोप भारतीय सेनेच्या अधिकाऱ्यांनी ९ मे रोजी केला आणि उड्डाणांचे नकाशेही दाखवले. त्याच दिवसांत भारताने आपल्या उत्तर व पश्चिम भागातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद केले. प्रवासी अडकले, हाल झाले, तक्रारी झाल्या. पण आमच्या आकाशातले एकही प्रवासी विमान क्षेपणास्त्रापुढे आले नाही. भारत सरकारने त्या वेळी केले ते योग्य केले, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

मात्र ही शाबासकी देताना आम्हांला बडगामचा विसर पडत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरच्या तळावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक असे सात जण गेले. ते क्षेपणास्त्रही 'स्पायडर' या ट्रकवर बसवलेल्या यंत्रणेचे होते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे स्वच्छ शब्दांत मान्य केले. इराणने तीन दिवस आणि रशियाने साडेनऊ महिने लपवाछपवी केली त्या मानाने हे अधिक सरळ झाले. पण आपणही सात महिने घेतलेच, आणि त्यात निवडणुकीचे महिनेही होऊन गेले. शिवाय बडगामचा धडा असा की, केवळ आकाश मोकळे करून भागत नाही. क्षेपणास्त्राच्या गाडीचा मुख्य केंद्राशी असलेला धागा शाबूत पाहिजे, आणि उत्तर आल्यावाचून हात चालावयाचा नाही ही शिस्त हाडीमासी भिनली पाहिजे. भारत आता ही शस्त्रे केवळ विकत घेणारा देश राहिलेला नाही. आपल्याकडे बनलेली 'आकाश' यंत्रणा आर्मेनियाला दिली गेली आहे. जो शस्त्र विकतो त्याने शस्त्राबरोबर ही शिस्तही विकली पाहिजे. सुट्या गाड्या विकून पैसे मोजून घेणे हा आमच्या देशाला शोभणारा व्यापार होणार नाही.

आकाश बंद करण्याच्या सूचनेवर सेनापती मंडळी एक आक्षेप घेतील, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतील, आकाश बंद करणे म्हणजे शत्रूला दवंडी पिटून सांगणे की आम्ही हल्ला करणार आहोत. हल्ला करणाऱ्याच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. पण आम्ही बोलत आहोत ते हल्ला रोखण्यासाठी सज्ज झालेल्या शस्त्राविषयी. इराणने हल्ला केला तो रात्री दोनच्या सुमारास. त्यानंतर आकाश बंद केले असते तर कोणते गुपित फुटणार होते? उलट आम्ही असे म्हणतो की, आकाश बंद करण्यात सैन्याचाच लाभ आहे. वर प्रवासी विमानांची वर्दळ असेल तर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हे कोडे असते, आणि ते सोडवावयास दहा सेकंद असतात. आकाश रिकामे असेल तर जे दिसते ते एक तर आपले असते किंवा शत्रूचे. म्हणजे ज्या आज्ञेने प्रवासी वाचतो त्याच आज्ञेने सैनिकाचे कामही सोपे होते.

हे केवळ तर्काने सिद्ध करावे लागते असेही नाही. २०१४ साली हजार फुटांचा हिशेब करणाऱ्या युक्रेननेच २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू होताच आपले सारे आकाश प्रवासी विमानांना बंद केले. त्यानंतर त्या देशावर किती हजार क्षेपणास्त्रे उडाली! पण २०१४ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण वर प्रवासी विमानच नव्हते. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतारने हल्ल्याच्या आधीच आपले आकाश बंद केले. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक ठप्प झाला, डोह्याकडे निघालेली विमाने वाटेतून वळवली गेली, आपल्याकडचे प्रवासीही ठिकठिकाणी रखडले. रात्र गैरसोयीची गेली. पण सकाळी सर्वजण जिवंत होते. गैरसोय आणि सामूहिक दहन यांत निवड करावयाची असेल तर ती करावयास विद्वत्ता लागत नाही.

मग कायदा काय म्हणतो? कायदा पुष्कळ म्हणतो. १९८३ साली सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली, तेव्हा शिकागो कराराला १९८४ मध्ये एक कलम जोडले गेले: उडत असलेल्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये. त्याच करारात सुरक्षिततेसाठी आपले आकाश बंद करण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला दिलेला आहे. पण अधिकार आहे, सक्ती नाही. आकाश ज्याचे, मर्जी त्याची. न बंद करणाऱ्याला कोणी विचारीत नाही, आणि विमान पडल्यावर विचारणे सुरू होते ते दशकभर चालते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेने मलेशियाच्या विमानाबद्दल रशियाला दोषी ठरवले ते १२ मे २०२५ रोजी. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरवले ते ९ जुलै २०२५ रोजी. अकरा वर्षे! बैल गेला आणि झोपा केला, असे आमचा शेतकरी म्हणतो; येथे तर झोपा बांधावयाचा की नाही याचा ठराव व्हावयास अकरा वर्षे लागली. तेहरानच्या दुर्घटनेनंतर कॅनडाने पुढाकार घेऊन सुरक्षित आकाशाची मोहीम सुरू केली, ती स्तुत्य आहे. पण मोहिमेला सक्तीचे दात नसतील तर ती परिषदांच्या चहापानात विरून जाते.

म्हणून आमची मागणी तीन वाक्यांची आहे. पहिली अशी की, फिरती विमानविरोधी क्षेपणास्त्रे सज्ज ठेवण्याचा हुकूम ज्या कागदावर निघेल त्याच कागदावर त्या पट्ट्यातील नागरी आकाश बंद करण्याचा हुकूम निघावा, आणि भारताने हा नियम आपल्यापुरता आधी लिहून ठेवावा. २०२५ च्या मे महिन्यात जे शहाणपण दाखवले गेले ते त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या विवेकावर अवलंबून होते. विवेक बदलतो, नियम टिकतो. दुसरी अशी की, दुसऱ्या देशाने असे आकाश उघडे ठेवले तरी आमच्या विमानांनी त्यात शिरता कामा नये. हा निर्णय कंपन्यांच्या नफ्यातोट्यावर न सोडता विमान वाहतुकीच्या महासंचालकांनी तो तासाभरात करावा, आणि तिकीट काढलेल्या माणसाला आपले विमान कोणत्या देशांवरून जाणार हे विचारण्याचा व ऐकण्याचा हक्क असावा. तिसरी अशी की, आकाश उघडे ठेवल्यामुळे विमान पडले तर दोष गाडीतल्या माणसापाशी थांबू नये. उघडे ठेवणाऱ्याचे नाव जगाच्या दरबारात घेतले जावे, असा करार घडवून आणण्यात भारताने पुढाकार घ्यावा. बडगामच्या चुकीची कबुली दिलेल्या देशाला तो पुढाकार घेण्याचा नैतिक अधिकार आहे.

क्षेपणास्त्रांना चाके फुटली. ती आता कोणी काढून घेणार नाही. उद्याच्या युद्धांत ती अधिक वेगाने धावतील, अधिक लपतील, अधिक एकटी लढतील. त्या एकट्या गाडीतल्या घाबरलेल्या शिपायाकडून दहा सेकंदांत न्यायाधीशाची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि तीनशे प्रवाशांवरही. ज्याच्या हाती दहा सेकंद नसून कित्येक तास असतात, ज्याच्यापुढे एक ठिपका नसून साऱ्या आकाशाचे चित्र असते, तो राजधानीत खुर्चीवर बसलेला असतो. जबाबदारी त्याची आहे. क्षेपणास्त्र सज्ज करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने आकाश बंद करण्याच्या कागदावर सही केली पाहिजे. त्याने ती केली नाही, तर पुढे विमान कोणाच्याही क्षेपणास्त्राने पडो, त्या मृत्यूंचा हिशेब आम्ही त्याच्याच नावावर मांडू.